मॉनिटरवरचा रिदम वाचायला शिकताना

वॉर्डमधून आयसीसीयूत (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात) बदली झाली तेव्हा मला ईसीजी काढता येत होता, वाचता येत नव्हता. लीड (पेशंटच्या अंगाला जोडायच्या तारा) लावायच्या, पेपर फाडायचा, नाव-तारीख-वेळ घालून फाइलला लावायचा, झालं. आयसीसीयूत तेवढ्यावर भागत नाही. रात्री दोनला अलार्म वाजला की बेडपाशी पहिली पोचते ती सिस्टर, आणि डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं ते तिलाच ठरवावं लागतं. ‘सर, रिदम बदललाय’ असं सांगितलं तर पुढचे चार प्रश्न येतात. ‘सर, रेट ३६, पी आणि क्यूआरएसचा मेळ नाही, बीपी ८४’ असं सांगितलं की सर थेट निघतात. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची छोटी लाट, क्यूआरएस म्हणजे खालच्या कप्प्यांची उंच टोकदार लाट.

आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी मला आजारांच्या नावांकडे वळूच दिलं नाही. आधी चौकटी. पेपर सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून एक छोटी चौकट ०.०४ सेकंदाची आणि पाच छोट्यांची एक मोठी चौकट ०.२० सेकंदाची. दोन आर वेव्हमध्ये (क्यूआरएसच्या उंच टोकांमध्ये) किती मोठ्या चौकटी आहेत ते मोजायचं आणि त्याने ३०० ला भागायचं. ३००, १५०, १००, ७५, ६०, ५० हे आकडे मी ड्यूटीवर येता-जाता बसमध्ये घोकले. ठोके अनियमित असतील तर हा हिशोब चालत नाही. मग ३० मोठ्या चौकटी, म्हणजे सहा सेकंद, घ्यायचे, त्यातले क्यूआरएस मोजायचे आणि दहाने गुणायचं.

त्यानंतर क्रम. रेट किती, अंतरं सारखी आहेत का, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे का, पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर) तीन ते पाच छोट्या चौकटींत बसतो का, क्यूआरएस तीन चौकटींच्या आत आहे का. पट्टी कितीही ओळखीची वाटली तरी क्रम मोडायचा नाही, ही सिस्टरांची अट. मशीन वर छापून देतं तो निष्कर्ष त्या अंगठ्याने झाकून मगच पेपर माझ्या हातात द्यायच्या. तेव्हा ते जाचक वाटायचं. आता नवीन मुलींना शिकवताना मीही तेच करते.

एएफ, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, लवकर जमलं. अंतरांना कसलाच नियम नाही, पी दिसत नाही, आणि मनगटावर नाडीही तशीच वेडीवाकडी लागते. फ्लटरने, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या वेगवान पण नियमित फडफडीने, मात्र वेळ घेतला. करवतीच्या दातांसारखी बेसलाइन नेहमी स्वच्छ दिसतेच असं नाही, अर्धे दात क्यूआरएस आणि त्यानंतरच्या टी वेव्हमध्ये लपतात. वरच्या कप्प्यांचा वेग ३०० च्या आसपास असतो आणि त्यातला दर दुसराच ठोका खाली उतरतो, म्हणून रेट १५० वर अडकून हलेनासा झाला की फ्लटर शोधायचा, हे एकदा कळलं आणि मग तो दिसू लागला.

मला सर्वांत जास्त आवडतो तो वेंकेबाख. पीआर दर ठोक्याला थोडा थोडा लांबत जातो, मग एक क्यूआरएस गळतो आणि पुन्हा आखूड पीआरपासून सुरुवात. हा प्रकार डच डॉक्टर वेंकेबाख यांनी १८९९ मध्ये नाडीच्या आलेखावरून मांडला. आइन्थोव्हेन यांचं ईसीजीचं यंत्र, ज्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं, ते तेव्हा आलेलंही नव्हतं. नुसत्या नाडीवरून एवढं नेमकं पकडणाऱ्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

खरी परीक्षा एका आजींच्या पट्टीने घेतली. चक्कर येऊन पडल्या म्हणून त्यांना आणलं होतं. क्यूआरएस रुंद पण अगदी नियमित, दोघांमध्ये आठ मोठ्या चौकटींहून थोडं जास्त अंतर. पी कुठे क्यूआरएसच्या जवळ, कुठे लांब, तर कुठे नाहीच. सिस्टरांनी एक कोरा कागद घेतला, त्याची कड पट्टीखाली धरली आणि लागोपाठच्या दोन पींवर पेन्सिलने खुणा करून कागद माझ्याकडे सरकवला. मी तो एकेक अंतर पुढे नेत गेले. तिसरी खूण एका टी वेव्हच्या खांद्यावर पडली आणि तो टी बाकीच्यांपेक्षा टोकदार का होता ते लक्षात आलं. पुढची एक खूण थेट क्यूआरएसच्या पोटात गेली. एकही पी चुकला नव्हता. सगळे आपल्या ९० च्या चालीने चालले होते आणि खालचे कप्पे स्वतःच्या ३६ च्या. कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजे वरचा एकही ठोका खाली पोचत नव्हता. सरांनी लगेच टीपीआय (तात्पुरता पेसमेकर) टाकला, पुढे कायमचा पेसमेकर बसला आणि आजी चालत घरी गेल्या. ती पेन्सिलच्या खुणांची पद्धत मी त्यानंतर सोडली नाही.

पट्टीइतकंच पेशंटकडे बघायला हवं, हे एका काकांच्या ब्रशने शिकवलं. मॉनिटरवर व्हीटीचा (खालच्या कप्प्यांच्या धोकादायक वेगवान ठोक्यांचा) अलार्म, स्क्रीनवर रुंद, वेगवान लाटा, आणि काका बेडवर बसून निवांत दात घासताहेत. नाडी भरलेली, बोलणं व्यवस्थित. नंतर पट्टी काढून पाहिली तर त्या लाटांच्या मधून अरुंद क्यूआरएस आपल्या जागी नेमके उठत होते. त्या लाटा ब्रशच्या हालचालीच्या होत्या. याच्या उलटही तेवढंच खरं. पेशंट प्रतिसाद देत नसेल आणि नाडी लागत नसेल, तर पट्टी कशीही दिसो, आधी छातीवर हात आणि सीपीआर. व्हीएफ (खालच्या कप्प्यांची नुसती थरथर) असेल तर शॉक. सरळ रेघ दिसली तर सीपीआर न थांबवता कुणीतरी लीड आणि गेन (लाटा किती मोठ्या दिसाव्यात ते सेटिंग) तपासायचे, कारण सरळ रेघेला शॉक देत नाहीत.

अजूनही मला थांबायला लावतो तो दोनास एक ब्लॉक. दर दुसरा पी गळतो, त्यामुळे पीआर लांबतोय का हे बघायला सलग दोन ठोकेच मिळत नाहीत आणि तो वेंकेबाख आहे की मॉबिट्झ टू (पीआर न लांबता अचानक क्यूआरएस गळणारा ब्लॉक), हे छोट्या पट्टीवरून सांगता येत नाही. मॉबिट्झ टू कधीही कम्प्लीट ब्लॉकमध्ये जाऊ शकतो. म्हणून अशा वेळी मी लीड टूची (ईसीजीच्या एका ठरावीक लीडची) लांब पट्टी काढते, कुठे तरी लागोपाठ दोन पी खाली उतरलेत का ते शोधते, पेसिंगची ट्रॉली बेडजवळ आणून ठेवते आणि मग सरांना फोन लावते.