मे महिन्यातलं ऊन आणि काकांचं सोलर

परवा गुहागरला काकांकडे गेलो तर चहा हातात यायच्या आधी मोबाईल नाकासमोर, सोलरचं ॲप उघडलेलं. "हे बघ, जानेवारीत भर दुपारी तीन किलोवॅटला टेकत होतं, आता डोकं फुटेल असं ऊन तरी अडीचच्या वर सरकत नाही. मेल्या, फिजिक्स शिकलास ना तू?"

शिकलो हो, पण सांगायचं कसं! सुरुवात सिलिकॉनपासून केली, पॅनल त्याचंच बनलेलं असतं. स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून बसलेला आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन त्या बंधांत अडकलेले. सुटायचं तर १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) एवढी उडी, मधे पाय टेकायला पायरीच नाही. साध्या हवेच्या उष्णतेवर ही उडी जमते किती जणांना, तर पाच लाख कोटी अणूंमागे एकाला. उन्हाचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, मात्र एका दणक्यात वर उडवतो, आणि खाली राहिलेली रिकामी जागा, म्हणजे होल, तीही फिरते, पंगतीत शेजारचा सरकला की रिकामं पान पुढे जातं ना तशी. मग जंक्शनवरचं, म्हणजे दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्यावरचं, विद्युत फील्ड इलेक्ट्रॉनला एकीकडे लोटतं, होलला दुसरीकडे.

"मग तापलं की अजून उडतील. वीज वाढायला हवी!"

इथे मी जरा अडकलो, कारण म्हातारा बरोबर बोलत होता. तांबं तापलं की विरोध वाढतो, शुद्ध सिलिकॉनचा उलट कमी होतो, दर दहाएक डिग्रीला मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास दुप्पट. पॅनलचा करंट किंचित वाढतोही. पण मार खातो तो व्होल्टेज.

शेवटी विहिरीजवळची दोण दाखवली. रहाटाने पाणी ओतताय पण दोणीला भेग असेल तर पातळी चढेल का? पातळी म्हणजे व्होल्टेज. उष्णतेने स्वतःहून सुटलेले इलेक्ट्रॉन-होल ही भेग रुंद करतात, वेगळे केलेले परत भेटून मिटतात. दर डिग्रीला पॅनलमधल्या एका सेलमागे, म्हणजे सिलिकॉनच्या एका चकतीमागे, दोनेक मिलिव्होल्ट जातात. पॅनलवर लिहिलेला क्षमतेचा आकडा २५ डिग्रीला मोजलेला असतो, आणि गच्चीवर मे मधे सेल ६५ ला सहज पोचतो, म्हणजे चौदाएक टक्के तिथेच गेले. बाकी थोडं दमट धुरकट हवेचं, थोडं समोरच्या आंब्याखालून उडणाऱ्या धुळीचं.

"म्हणजे पॅनलवर पाणी मारू?"

सकाळी मारा म्हटलं, तापलेल्या काचेवर नको. तेवढ्यात आतून काकू, "विहिरीत पाणी राहिलंय कुठे, आधी माडांना पुरवा!"