एसजीपीटी 34, आणि तरीही

आज दुपारी परळच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या उपचार केंद्रात) एका 47 वर्षांच्या गृहस्थांनी घामाने ओलसर झालेली रिपोर्टची घडी माझ्यापुढे उलगडली आणि विचारले, "ताई, एसजीपीटी 34 आलंय, म्हणजे यकृत ठीक आहे ना?" त्यांना एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस सीचीही लागण आहे. एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम; त्याचा रक्तातला आकडा नॉर्मल असला, तरी तो यकृताच्या पेशींना सध्या होणारी इजा दाखवतो, आधीच साचलेले व्रण नव्हे. आणि एचआयव्ही सोबत असला की ते व्रण अधिक वेगाने वाढतात, हे सांगताना माझाच आवाज जड झाला.

त्याच कागदावर एसजीओटी हे दुसरे एन्झाइम 38 आणि प्लेटलेट्स 92 हजार होत्या. वय, ही दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून काढायचा फिब-4 निर्देशांक मी कागदाच्या कोपऱ्यात मांडला, तो 3.33 आला. 3.25 च्या वर गेला की व्रण बरेच वाढल्याची शंका घ्यावी लागते. नुसत्या 'नॉर्मल' शेऱ्यावर रुग्णाला घरी पाठवणे मला मान्य नाही.

डॉक्टरांनी यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन लिहून दिला. सिरोसिस, म्हणजे व्रणांनी यकृत पार कडक होणे, नसेल तर गोळ्यांनी बहुतेक जण 12 आठवड्यांत हिपॅटायटिस सीच्या विषाणूतून मुक्त होतात आणि 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात, हे ऐकून त्यांनी रिपोर्टची घडी जपून खिशात ठेवली आणि विचारले, "स्कॅनला उपाशीपोटी यायचं ना?"