मेल्डमध्ये इंडेंटेशनचा बग सापडला, माझा अनुभव

मागच्या महिन्यात आमच्या बिलिंगच्या पायथन कोडमध्ये अचानक बेरीज चुकायला लागली, बिलात पाच वस्तू असल्या तरी टोटल फक्त पहिल्या वस्तूची यायची. आदल्या दिवशीच एका सहकाऱ्याची कमिट (गिटमध्ये नोंदवलेला कोडमधला बदल) आली होती म्हणून टर्मिनलवर जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणारं गिट डिफ मारलं, तर अख्खी फाईल आधी लाल (काढलेल्या ओळी) आणि मग हिरवी (नव्या ओळी), सहाशेच्या वर ओळी. त्याने टॅब काढून सगळीकडे चार-चार स्पेस केल्या होत्या आणि त्याच कमिटमध्ये बाकीचे बदलही टाकले होते. (फॉरमॅटिंगची कमिट प्लीज वेगळी ठेवत जा, बघणाऱ्याचा जीव जातो.)

मग मेल्ड इन्स्टॉल केलं, म्हणजे दोन फाईली शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक दाखवणारं सॉफ्टवेअर. गिट कॉन्फिगमध्ये डिफ डॉट टूलला मेल्ड लिहिलं की गिट डिफटूल मारल्यावर जुनी फाईल डावीकडे, नवी उजवीकडे उघडते. दर फाईलला उघडू का म्हणून विचारतं, ते नको असेल तर मायनस वाय, आणि मायनस डी दिलं तर फोल्डरच्या फोल्डर समोरासमोर दिसतात.

पण इथेही सगळं निळंच, म्हणजे बदललेलं! म्हणून प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट फिल्टर्समधून लीडिंग व्हाईटस्पेस (ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेतला फरक लपवणारा फिल्टर) चालू केलं आणि काय सांगू, तीनच ठिकाणं उरली. तिन्ही नीट वाचली, तिन्ही बरोबर. तासभर तिथेच अडकलो होतो.

मग लक्षात आलं की अरे पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची जागा, म्हणजे इंडेंटेशन, हाच कोड, आणि तेच मी फिल्टरने झाकून ठेवलंय. फिल्टर बंद केला, गिट शो वापरून जुनी फाईल वेगळ्या नावाने काढली, एक्सपांड कमांडला टॅबची रुंदी ४ देऊन तिचे टॅब स्पेसमध्ये बदलले (न सांगितल्यास ती ८ धरते) आणि मग त्या दोन फाईली मेल्डला दिल्या. आता चार ठिकाणं दिसली. चौथं म्हणजे रिटर्न टोटलची ओळ, चार स्पेस आत सरकून फॉर लूपमध्ये (एकेक वस्तू मोजणाऱ्या भागात) गेलेली, म्हणजे पहिली वस्तू मोजली की फंक्शन लगेच परत!

उजवीकडच्या फाईलीत तिथल्या तिथे ओळ बाहेर काढून सेव्ह केलं, पाच वस्तूंचं बिल चालवलं, टोटल बरोबर आली. जावास्क्रिप्टच्या फाईली बघताना तो फिल्टर अजूनही चालू करतो, पायथनला मात्र हात लावत नाही.