होड्या नसलेली होडीघरं

इने, २१ नोव्हेंबर, रात्री

जपानमधल्या आमानोहाशिदातेहून बस सुटली तेव्हा लख्ख ऊन होतं. तासाभराच्या वाटेत एक सर येऊन गेली, परत ऊन पडलं, आणि इने या कोळ्यांच्या गावी उतरले तर भुरभुर सुरूच. तांगो द्वीपकल्पात या दिवसांत हवेचं असंच असतं. इकडे म्हणतात, डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. मिन्शुकुच्या, म्हणजे पाहुण्यांना उतरवून घेणाऱ्या घराच्या मालकीणबाईंनी, ओकामिसाननी, दारातच एक भलीमोठी छत्री माझ्या हातात दिली. माझी घडीची छत्री हातात होती, पण ती त्यांनी छत्रीत धरली नसावी.

फोटोत पाहून इथे येणाऱ्याचा रस्त्यावर उभं राहिल्यावर थोडा विरस होतो. पाण्यातून उगवलेली ती लाकडी घरांची रांग कुठेच दिसत नाही. अरुंद रस्ता, डोंगराच्या बाजूला राहती घरं, समुद्राच्या बाजूला फुनायांची, म्हणजे होडीघरांची पाठ. बंद दारं, सायकली, रबरी बूट, वळचणीला वाळत घातलेली पर्सिमनची फळं. दोन घरांच्या फटीतून पाण्याची एक पट्टी दिसते, तेवढाच समुद्र. फुनायांचं तोंड पाण्याकडे आहे, कारण त्या होडीसाठी बांधलेल्या आहेत, माणसांसाठी नाहीत. त्यांचा चेहरा पाहायचा तर पाण्यातच जावं लागतं. म्हणून खाडीत फिरवणाऱ्या बोटीत बसले. पंचवीस मिनिटांची फेरी, निम्मी मंडळी समुद्रपक्ष्यांना कुरकुरीत खाऊ भरवण्यात गुंग. वर घारी टपलेल्या. एका गृहस्थांच्या बोटांतून घारीनं अख्खा तुकडा नेला तेव्हा सगळी बोट एका सुरात ओरडली. दिवसभरात इनेमध्ये ऐकलेला हा सर्वांत मोठा आवाज.

सुमारे २३० फुनाया, खाडीच्या पाच किलोमीटरच्या काठाला खेटून. २००५ साली सरकारनं सगळी वस्ती पारंपरिक वास्तूंचा संरक्षित भाग म्हणून जाहीर केली. कोळीवस्तीला असं संरक्षण मिळण्याची जपानमधली ही पहिलीच वेळ होती. माहितीपत्रकं हिला ‘जपानचं व्हेनिस’ म्हणतात. हे मला मुळीच पटत नाही. व्हेनिस सावकारांनी बांधलं. हे जाळी ओढणाऱ्यांनी बांधलंय, आणि ते जवळून कळतं.

मी उतरले आहे ती फुनायाच आहे. वर झोपायची खोली, पूर्वीचा जाळ्यांचा माळा. संध्याकाळी ओकामिसान मला खाली घेऊन गेल्या. तळमजल्याची जमीन पुढे उतरत उतरत सरळ पाण्यात शिरते. उंबरठा नाही, पायरी नाही. उताराच्या दोन्ही कडांना शेवाळ, मधला पट्टा गुळगुळीत झिजलेला, इतक्या वर्षांत त्यावरून होडी आत-बाहेर झाली म्हणून. भिंतीला दोरखंडांची वेटोळी, काचेचे जुने तरंगगोळे, डिझेलचा वास. तुळया किती जाड! आणि पाणी कुठे? माझ्या पायापासून हातभर. मध्ये कठडा किंवा भिंत काही नाही, पाणी घरात आहे आणि घरातल्यासारखं वागतंय.

माझं बालपण हर्णैच्या बंदरावर गेलं. त्यामुळे पहिला प्रश्न डोक्यात आला तो हाच: भरतीला काय करतात? आमच्याकडे तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ निघते, आणि ती वेळ ज्याला ठाऊक नाही त्याचं दर्यावर काही काम नाही. उधाणाच्या दिवसांत तर मुंबईला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. असं घर कोकणात बांधलं तर दुपारी बुडेल आणि संध्याकाळी चिखलात उभं राहील. ओकामिसाननी भिंतीवरची एक ओली रेघ दाखवली आणि तिच्याखाली दोन वितींवरची दुसरी. एवढंच. जपानचा समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे, त्यात भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आतबाहेर. त्यात खाडीचं तोंड दक्षिणेला, हिवाळ्याचं वारं वायव्येकडून, ते पाठीमागचा डोंगर अडवतो. तोंडावर आओशिमा बेट आडवं पडलेलं, आणि काठ लगेच खोल होतो म्हणून लाट फुटायला जागा नाही. चार गोष्टी जुळून आल्या तेव्हा कुठे माणसाला पाण्यात जोतं घालता आलं. हे ऐकताना मला हेवा वाटला, आणि मग थोडं चुकल्यासारखंही. हलतच नसेल तर त्याला दर्या कसं म्हणायचं?

“आणि होडी?” मी विचारलं. उतार रिकामा होता. एका बाजूला कयाक उलटी ठेवलेली, पाहुण्यांसाठी.

त्यांनी बाहेर बोट दाखवलं. फायबरची पांढरी बोट, इंजिनवाली, दोरानं बांधून पाण्यात उभी. फोनमधल्या भाषांतराच्या कृपेनं जे समजलं ते असं. लाकडी होडी सतत पाण्यात राहिली की कुजते, पाऊस आणि बर्फ लागला की फाटते. ती रोज ओढून सुकवायला लागायची, म्हणून फुनाया. फायबरची बोट कुजत नाही, आणि ती आतही मावत नाही. म्हणजे ज्या कामासाठी ही २३० घरं पाण्याला लागून उभी राहिली, ते काम बहुतेकांत संपलेलं आहे. उरलेल्या जागेत आता जाळी, फ्रीजर, वॉशिंग मशीन, कुठे मिन्शुकु, कुठे कॉफीचं दुकान. आपण जपानचं जुनं जग पाहायला येतो ते होडीघर, आणि होडी बाहेर पावसात.

मला यात दुःख करण्यासारखं वाटलं नाही. फुनाया काही पुरातन, न बदललेली वस्तू नव्हतीच कधी. आधी त्या बुटक्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बुरी मासा भरभरून मिळाला, हाती पैसा आला, तेव्हा त्या दुमजली आणि कौलारू झाल्या. १९३१ ते १९४० या काळात आजचा रस्ता झाला, तेव्हा राहतं घर आणि फुनाया यांच्यामधलं अंगण रस्त्यात गेलं आणि फुनाया समुद्राकडे सरकवल्या. म्हणजे फोटोत जे ‘शतकानुशतकांचं’ दिसतं, त्याची आजची रेषा माझ्या आजीच्या वयाची. गरज पडली की ही माणसं घर उचलून पुढे ठेवतात. कयाकही त्यातलीच.

जेवणात बुरीचं कच्चं मांस, पातळ काप. थंडीत हा मासा चरबी धरतो, आणि इनेची बुरी नावाजलेली. सोबत हेशिको: खारवलेला साबा, बांगड्याच्या कुळातला मासा, तांदळाच्या कोंड्यात वर्षभर मुरवून जरासा भाजलेला. नखाएवढा तुकडा आणि घासभर भात. पहिल्या घासालाच आजीच्या खाऱ्या बांगड्याची आठवण झाली, फक्त हा जास्त आंबूस. पलीकडच्या ताटावर बसलेल्या ओसाकाच्या जोडप्यानं तो तसाच ठेवला. मला मागावासा वाटला, मागितला नाही.

खिडकीतून आओशिमा दिसतंय, काळं ढेकूळ. पूर्वी खाडीत देवमासा शिरला की मासेमार तोंड जाळ्यांनी बंद करत आणि आतच त्याला मारत. सतराव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. त्या बेटावर देवमाशाची समाधी आहे, पोटात पिल्लू सापडलं त्याच्यासाठी उभारलेली. मारलं, खाल्लं आणि दगडही उभा केला. यावर मला आत्ता मत द्यायचं नाही.

२२ नोव्हेंबर, सकाळी

उजाडताच धक्क्यावर गेले. रात्री लावलेल्या नाही, कायम बांधलेल्या जाळ्यातली मासळी सकाळी येते. आडवं जाळं काठापासून लांबवर नेतात, मासा त्याला अडून कडेकडेनं खोल पाण्याकडे वळतो आणि पिशवीत जाऊन अडकतो. आमचं डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर भरतं. इथे पाण्याला ओढ नाही, म्हणून माशाच्या सवयीवर भरतात. डोकं लावलंय.

आणि लिलाव? हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्याला भांडणच वाटतं. इथे गावातल्या बायका बादल्या घेऊन उभ्या, मोठा माल बाजाराकडे रवाना होतोय, उरलेल्यातलं ज्याला जे हवं ते बादलीत, वजन, पैसे, नमस्कार. गावात दोन हजारसुद्धा माणसं उरली नाहीत, आणि धक्क्यावरच्या बहुतेकींचे केस पांढरे. या शांततेचं कौतुक करणारे लेख वाचून मी आले होते. पण निम्मी शांतता लाटांच्या नसण्याची आहे आणि निम्मी पोरांच्या. फुनायांच्या फटींत ‘खाजगी जागा, आत येऊ नये’ अशा पाट्या चार भाषांत लावल्यात. अजून नऊ वाजायचे होते आणि पहिली टुरिस्ट बस आलीसुद्धा. त्या बसमधल्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही, मीही कालच्या बसनंच आले.

परतल्यावर ओकामिसान उतारावर बसून दोर ओढत होत्या. दोराला तारेचा पिंजरा, आत काल साफ केलेल्या माशांची मुंडकी. प्रत्येक घरापुढे असा एक पिंजरा पाण्यात असतो, कचराही संपतो आणि मासाही मिळतो. आज तीन लहान खडकमासे आणि एक खेकडा. दोन मासे त्यांनी ठेवले, तिसरा आणि खेकडा परत टाकले. “लहान आहेत,” म्हणाल्या. पिंजरा खाली सोडताना मला विचारलं, तुमच्या गावी काय मिळतं?

मी फोनवर ओल्या बोंबलाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिला. हा तर पाणीच आहे, याचं काय करता? दोरीवर उलटा-सुलटा अडकवून वाळवतो, मी हातवारे करून सांगितलं. त्या हसायला लागल्या.

“वाळल्यावर उरतं तरी काय?”

“वास,” मी म्हटलं. भाषांतर बरोबर गेलं असावं, कारण त्या आत गेल्या आणि हेशिकोचा कालचा तुकडा कागदात गुंडाळून घेऊन आल्या. बसमध्ये उघडू नका, एवढं मात्र बजावून सांगितलं.