द्राक्ष गेल्यानंतरचे सहा महिने : घरभेटींचा माझा अनुभव

तासगाव भागात नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला की दुसऱ्याच दिवशी बांधावर गर्दी होते. पुढारी येतात, कॅमेरे येतात, पाव्हण्यारावळ्यांचे फोन सुरू होतात. आठवड्याभरात सगळं शांत. बाग गेलेल्या माणसानं जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून गावात घरभेटी सुरू केल्या तेव्हा आम्हीही सगळा जोर याच आठवड्यात लावला. ती चूक होती. माणूस खचतो तो पुढं. फेब्रुवारीत शेजारच्या बागेत व्यापारी सौद्याला येतो आणि आपल्या बागेकडं कुणी फिरकत नाही तेव्हा. मार्चअखेर गावच्या सोसायटीचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलायला, हातउसने मिळत नाहीत तेव्हा. आणि एप्रिलात, जेव्हा हातात रुपया आलेला नसतो, तरी खरड छाटणी, शेणखत, मजुरी यांना परत पैसा लागतोच. म्हणून भेटींचं वेळापत्रक आम्ही बागेच्या वेळापत्रकावर बसवलं: पावसानंतर तीन दिवसांत पहिली, आठ-दहा दिवसांनी दुसरी, मग एप्रिल संपेपर्यंत दर पंधरवड्याला एक.

माणसं निवडताना एक पथ्य पाळावं. सोसायटीचा सचिव, फवारणीच्या औषधांचा दुकानदार, उधारी-वसुलीशी संबंध असलेला कुणीही भेटीला नको. त्याच्यासमोर कर्जाचा खरा आकडा निघत नाही. आशाताई, बचत गटातली एखादी बाई, शाळेतले गुरुजी आणि स्वतः बाग करणारे दोन तरुण एवढे पुरतात. जायचं दोघांनीच, त्यात एक बाई हवीच. आप्पा बाहेर सोप्यात बोलतात ते वेगळं आणि वहिनी चुलीजवळ सांगतात ते वेगळं. "चार रात्री झाल्या, अंगणात येरझाऱ्या घालत्यात" हे वहिनीच सांगतात. एका जोडीकडं पाच घरांपेक्षा जास्त घरं देऊ नयेत. फोटो काढायचा नाही आणि ग्रुपवर काही टाकायचं नाही.

पहिली भेट कागदाच्या कामाची असावी. "कसं वाटतंय?" असं विचारलं की "बरं हाय" एवढंच उत्तर येतं. "पंचनाम्याला कोण आलं होतं?" असं विचारलं की माणूस बोलू लागतो. इथं बारकाईनं बघावं लागतं. पावसानं फुलोऱ्यात गाठलं की गळ आणि घडकुज दिसायला काही दिवस जातात. पंचनामा फार लवकर झाला तर वरून पानं हिरवीगार दिसतात आणि नुकसान कमी लिहिलं जातं. सरकारी मदतीला ३३ टक्क्यांची अट आहे, त्यामुळं नोंद कमी झाली तर सगळंच हुकतं. मांडवाखाली शिरून घड हातात धरून फोटो घ्यावेत, तारीख आणि ठिकाण दिसेल असे, आणि फेरपाहणीचा अर्ज लेखी द्यावा. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या सरकारी पीकनोंदीत) द्राक्षाची नोंद आहे का, हे त्याच दिवशी सातबाऱ्यावर बघावं. द्राक्षाचा फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो. गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल तर मात्र ७२ तासांच्या आत कळवावं लागतं.

दुसऱ्या भेटीत कर्जाचं पान. मला हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं. शाळेच्या वहीचं मधलं जोडपान घ्यायचं आणि रकाने पाडायचे: कुणाचं, मुद्दल किती, व्याज किती, कधी द्यायचंय, कागद काय दिलाय. सोसायटी, बँक, कृषी सेवा केंद्राची उधारी, सोनं तारण, बचत गट, पाव्हण्याचे हातउसने, सगळं. औषध दुकानाची उधारी बहुतेक वेळा शेवटी निघते आणि तीच डोळे पांढरे करते. मनातलं कर्ज रोज रात्री वाढत असतं, कागदावरचं तेवढंच राहतं. पान भरताना घरच्या बाईला शेजारी बसवावं. बऱ्याच घरांत तिला निम्म्या कर्जाचा पत्ता नसतो, आणि लपवण्याचं ओझं कर्जाइतकंच जड असतं.

मग पानावरच्या एकेका ओळीचं बघायचं. शासनानं आपत्ती जाहीर केली असेल तर पीककर्जाच्या पुनर्गठनाचा (हप्ते पाडून मुदत वाढवून घेण्याचा) लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. दुकानदाराकडं गावातला वजनदार माणूस सोबत नेऊन पुढची तारीख मागायची. सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहाय्यक निबंधकांकडं तक्रार करता येते. सावकारीतून गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा निबंधकांच्या आदेशानं परत मिळू शकते. हे ठाऊक नसल्यानं लोक गप्प बसतात.

लक्षणं ओळखायला डेअरी ही उत्तम जागा. रोज स्वतः कॅन घेऊन येणारा माणूस पोराला धाडू लागला, दुभती गाय अचानक विकली, वसुलीच्या भीतीनं फोन बंद ठेवला, मांडवाची तुटलेली तार तशीच लोंबतीय, दारू वाढली, तर त्या घरी त्याच संध्याकाळी जायचं. फार दिवस तळमळणारा माणूस एकदम शांत झाला, वस्तू वाटू लागला, निरोपासारखं बोलू लागला, तर उद्यावर ढकलायचं नाही.

अशा वेळी सरळ विचारावं. विचारल्यानं डोक्यात विचार भरतो ही समजूत खोटी आहे. आम्ही असं विचारतो: "आप्पा, झोप लागती का? जेवण जातंय का? जीव नकोसा वाटतोय का? काय करायचं मनात ठरीवलंय का?" शेवटच्या प्रश्नाला "होय" आलं किंवा नुसती मान खाली गेली, तर त्यांना एकटं सोडायचं नाही. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या त्याच रात्री घरातून आणि शेडमधून दुसरीकडं हलवायच्या, दोर-विहिरीकडंही लक्ष ठेवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो. सकाळी सोबत घेऊन सांगली सिव्हिल किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात जायचं. कुणी काही घेतलंच असेल तर १०८ ला फोन करायचा, उलटी करवायची नाही, बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यायची. पोलीस केस होईल म्हणून घरचे वेळ घालवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवत नाहीत. हे आधीच प्रत्येक घरी सांगून ठेवावं.

गोळ्या सुरू झाल्या की खरी कसोटी लागते. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून माणूस त्या बंद करतो, नाहीतर महिन्यानं बरं वाटलं की सोडून देतो. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख कर्जाच्या पानावरच लिहायची आणि त्या दिवशी बरोबर जायला माणूस ठरवून ठेवायचा. एसटीचं भाडं आणि बुडालेली हजेरी एवढ्यावरून तपासणी चुकते.

बोलताना "धीर धरा" म्हणू नये, "फलाण्याचं तर तुमच्यापेक्षा जास्त गेलंय" हे तर अजिबात नको. धान्याचं पोतं द्यायचं झालं तर अंधार पडल्यावर, मागच्या दारानं.

एप्रिलात आम्ही पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबून, छाटणी करतो. ज्याची बाग गेली त्याच्या रानात पाच-सहा जण सकाळी सातला कात्री घेऊन उतरतात. तो मालक म्हणून बांधावर बसत नाही, त्यालाही एक ओळ मिळते. दुपारी सगळ्यांच्या भाकरी एकाच कापडावर सुटतात. परवाच्या दिवशी दुसऱ्या घरची पाळी असते, आणि तिथं त्यानं जायचं असतं.