लाकडाला भाव नाही

"लाकूड नाही घेत, आजी," भंगारवाला जिन्यातूनच म्हणाला आणि मी आतल्या खोलीत सुटकेचा निःश्वास टाकला.

पोतं मी काढलं नव्हतं. ते सासूबाईंनी काढलं, माझा दुपारचा डोळा लागलाय असं बघून. एरवी भंगारवाला मोठा उदार माणूस. रद्दी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पत्रा, पितळ, जळकी मोटर, बंद पडलेला मिक्सर, सगळ्याचा भाव त्याला तोंडपाठ. लाकडाला तेवढा भाव नाही. सासूबाईंनी "फुकट ने" म्हणून पाहिलं, मग "वर दहा रुपये देते" असंही म्हणून पाहिलं. तो हसला आणि खाली उतरला. पोतं पुन्हा गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागं.

ज्यांच्या घरी हा हौशी सुतारकामाचा रोग आहे त्यांना पोत्यात काय असतं ते सांगायला नको. वीतभर सागाचे तुकडे, मशिनच्या खोक्यातून निघालेल्या पाइनच्या पट्ट्या, प्लायच्या त्रिकोणी कातरणी, आणि मधोमध गाठ असलेली आंब्याची एक फळी. गाठीमुळं तिचा काही उपयोग नाही आणि गाठीमुळंच ती टाकवत नाही. कितीकांवर पेन्सिलीनं मापं लिहिलेली आहेत. ती कशाची, हे आता मलाही सांगता यायचं नाही. पण लागेल कधीतरी.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा वखारवाल्यानं माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारलं, "साहेब गाडी लावतायत का?" साहेब घरी कुकर लावत होते. आता तो मला नीट घनफुटाचा भाव सांगतो, ढिगातली खालची फळी स्वतः ओढून देतो, आणि "ताई, ही चिरलीय, ही नका घेऊ" एवढं खरंही बोलतो. मापाची भाषा मी तिथंच पक्की केली. मुलगी मिलिमीटरमध्ये विचार करते, मी सुतात. इंचाचे आठ सूत. "आई, सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर," असं ती मला समजावते. साधारणच. तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश आणि बसवायचंय कपाटाचं दार.

नवऱ्याचं म्हणणं असं की तू जेवढे पैसे लाकडात घालतेस तेवढ्यात तयार वस्तू आली असती. येते ना. आमच्याकडे आलीही होती, चपलांचं कपाट, घरपोच, स्क्रू मोजून पिशवीत दिलेले. पहिल्याच पावसाळ्यात ओल्या छत्र्यांनी त्याचा तळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला. दुरुस्त काय करणार? भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी ती, एकदा स्क्रू निसटला की त्या भोकात दुसरा धरत नाही. ते कपाट मोडलं तेव्हा मी त्याचा एकही तुकडा ठेवला नाही. ठेवावासाच वाटला नाही. लाकडाची पारख करायची माझी एवढीच कसोटी आहे, तुकडा ठेवावासा वाटतो का.

लहानपणी सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात, आत्याच्या लग्नाआधी, चौकात सुतारकाम निघालं होतं. कपाट, पलंग आणि दोन पाट. मिस्त्रीकाका सकाळी सायकलवरून यायचे, हत्यारांचं बारदान पायरीवर उलगडायचे आणि लाल चपटी पेन्सिल कानावर ठेवायचे. शाळेतून आले की मी दप्तर टाकून त्यांच्यासमोर उकिडवी बसायची. रंधा पुढं गेला की त्याच्या तोंडातून लाकडाची गुंडाळी वर यायची, पातळ, उजेडात धरली तर बोटं दिसतील इतकी. त्या गुंडाळ्या आम्ही पोरी कानांत अडकवायचो. संध्याकाळी आजी सगळा कचरा सुपात भरायची आणि दुसऱ्या दिवशी बंबात घालायची. सागाच्या ढलप्या भुर्रकन पेटायच्या. आत्याच्या लग्नापर्यंत आम्ही सगळे सागवानावर तापलेल्या पाण्यानं आंघोळ करत होतो, ही श्रीमंती पुन्हा कधी आली नाही.

मिस्त्रीकाकांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, चार बोटं जागा गुळगुळीत होती. बाकी हातभर केस आणि तिथं एक नाही. पुष्कळ दिवस मला वाटायचं काही भाजलंबिजलं असेल. मग एकदा त्यांनी पटाशीला, म्हणजे लाकडाच्या छिन्नीला, धार लावली, दगडावर पाणी शिंपडून, सावकाश, आणि धार बघायला पातं हातावरून अलगद फिरवलं. केस राहिलेच नव्हते, पण सवय राहिली होती. उजव्या हातानं पटाशी धरणाऱ्याचा डावाच हात असा व्हायचा. परवा आंघोळीनंतर माझ्या डाव्या हाताला तेल लावताना लक्षात आलं, की माझीही जागा तयार व्हायला लागलीय. नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "शाबास."

मिस्त्रीकाकांचा चहाचा कप वेगळा होता, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. पिऊन झाला की स्वतः विसळून तिथंच ठेवायचे. आजी चहात आलं मात्र न विसरता घालायची. दोन्ही गोष्टी मी रोज पाहिल्या आणि तेव्हा कशाचंच काही वाटलं नाही.

त्या दोन पाटांतला एक माझ्याकडे आहे. त्याला खिळा नाही, फेविकॉलही नाही. खालच्या दोन पायपट्ट्या आडव्या खाचांतून सरकवून बसवलेल्या आहेत, खाच तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, त्यामुळं पट्टी निसटत नाही. फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि उन्हाळ्यात पुन्हा आक्रसते. खिळे ठोकून जखडली असती तर केव्हाच तडकली असती. तिला जायला-यायला सूतभर मोकळीक ठेवलीय. मी तो पाट उलटा करून पुष्कळ वेळा बघत बसते. जेवायला त्यावर आता कुणीच बसत नाही, गुडघे ऐकत नाहीत.

पुढं वाडा पाडला. तेव्हा कळलं की लाकडाला भाव नाही हे भंगारवाल्याचं मत आहे. विटा-माती ट्रॅक्टरमधून कुठंतरी भरावाला गेली, पण तुळया, खांब, दारं घ्यायला जुन्या सागवानाचे व्यापारी आधीच येऊन टेप लावून गेले होते. वाळायचं ते सगळं वाळून झालेलं, आता फारसं हलणार नाही असं लाकूड. विश्रामबागवाड्याची पुढची बाजू बघा, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली, सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, आणि खालून दिवसभर बसगाड्यांचा धूर. लक्ष्मी रोडला खरेदीला गेलं की मी पिशव्या घेऊन तिथं उभी राहते आणि घरचे पुढं निघून जातात. शनिवारवाड्यात १८२८च्या आगीनं आतल्या इमारती खाल्ल्या, दिल्ली दरवाजाची अणकुचीदार खिळ्यांची दारं मात्र अजून उभी आहेत.

आमच्या तुळईचा एक तुकडा मी मागून घेतला होता. हातभर लांबीचा, जुन्या लोखंडी खिळ्याचं भोक असलेला, भोकाभोवती काळं कडं. रंध्याचा एक हात मारला की आत अजून तसाच सोनेरी निघतो, वासही येतो.

घरात आम्हां हत्यारवाल्यांना मान मिळतो तो वर्षातून दोनदा. एकदा गणपतीच्या आधी. २०१८मध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची पंचाईत झाली, तेव्हा मी प्लायचं मखर केलं. खाचेत खाच घालून उभं करायचं, विसर्जन झालं की सुटं करून दिवाणाखाली सरकवायचं. ड्रिल दुपारी एक ते चार बंद ठेवायचं हे सोसायटीला कबूल केलं. रंध्याचा आवाज होत नाही, तो मी जुन्या बाजारातून आणलाय, बुधवारी की रविवारी ते आठवत नाही, तांबेरलेला होता आणि विकणाऱ्यानं तो कपड्याच्या इस्त्रीशेजारी मांडला होता. दुसरा मान खंडेनवमीला. त्या दिवशी सासूबाई स्वतः पाटावर लाल कापड घालून हत्यारं मांडतात. ड्रिलला हळदकुंकू, करवतीला झेंडू. मुलगी आपली ग्लू गन आणून ठेवते. "याची पण करायची?" असं विचारून सासूबाई तिलाही फूल वाहतात. वर्षभर "किती तो पसारा" म्हणणारी बाई त्या दिवशी पटाशीला नमस्कार करते.

परवा संध्याकाळी सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. मालिका चालू होती, लक्ष नव्हतं. एकदम म्हणाल्या, "पाय टेकत नाहीत गं आता. लोंबकळतात, मुंग्या येतात." खुर्ची तीच, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची, आणि त्यांचे पाय तेव्हा टेकायचे. मी टेप आणली. टाच ते फरशी, तीन इंच दोन सूत.

"तुळईच्या लाकडाचं पायस्टूल करते, आई. सव्वातीन इंचाचं."

"चारच कर. मी अजून बुटकी होणार."

मी म्हटलं, आत्ताच चार केलं तर गुडघे वर येतील, कंबर धरेल. सव्वातीनच करू आणि पायांना खालून पट्ट्या लावायची सोय ठेवू, लागेल तशी उंची वाढवता येईल.

"किती वाढेल?"

"दीड इंच."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. "पुरेल," म्हणाल्या, आणि रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज मोठा केला.