तुम्ही विचारलंत म्हणून: कर्लिंगमधली सभ्यता आणि चुरस

कर्लिंग म्हणजे बर्फावर जड दगड सरकवून वर्तुळाच्या मध्याजवळ नेण्याचा आणि त्याच्या वाटेतला बर्फ झाडूने घासण्याचा खेळ. त्यात झाडू दगडाला लागला तर खेळाडू स्वतःहून सांगतो, आणि हार स्पष्ट दिसू लागली की सामना पुरा होण्याआधीच हात मिळवून मोकळा होतो. मग यात ईर्ष्या कुठे, याला जागतिक दर्जाची स्पर्धा कसे म्हणायचे, असे तुमच्यासारखेच मला वारंवार विचारले जाते. 1998 मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकला या खेळाला पदके मिळाली ती जणू मेहेरबानीच, असा त्यामागचा सूर असतो. (1924 साली शामोनीत दिलेली पदके आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2006 मध्ये अधिकृत ठरवली, हे सांगणे मी आता सोडून दिले आहे.)

मी बोट ठेवतो ते 1972 च्या जागतिक अजिंक्यपदावर. गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या अंतिम सामन्यात शेवटच्या एंडपूर्वी (एंड म्हणजे डाव) अमेरिका 9-7 अशी पुढे होती आणि बरोबरीसाठी कॅनडाला दोन गुण हवे होते. कॅनडाचा स्किप, म्हणजे कर्णधार, ऑरेस्ट मेलेशुक याने अखेरच्या दगडाने अमेरिकेचा दगड उडवला खरा, पण त्याचा स्वतःचा दगडही घरंगळत गेला. आता मध्याजवळ कोणाचा दगड, हे नुसत्या डोळ्यांना ठरवता येईना. अमेरिकेच्या एका खेळाडूने जिंकल्याच्या आनंदात उडी मारली. पाठोपाठ स्किप बॉब लाबॉन्ट उसळला, बर्फावर त्याचा तोल गेला आणि पाय नेमका कॅनडाच्या दगडाला लागला. मोजमाप अजून व्हायचे होते, ते आता होणारच नव्हते. दगड हलवण्याची चूक अमेरिकेची, म्हणून दोन्ही गुण कॅनडाला मिळाले आणि जादा एंडमध्ये कॅनडाने सामना 10-9 असा जिंकला. त्यानंतर थेट 1980 पर्यंत कॅनडाला हे अजिंक्यपद मिळाले नाही, म्हणून लाबॉन्टच्या शापाची गोष्ट रंगवून सांगितली जाते. मला त्या शापात रस नाही, त्या उडीत आहे. ज्यांना जिंकण्याची एवढी घाई होती, त्यांच्या अंगात ईर्ष्या नव्हती असे कोण म्हणेल?

एकेकाळी मी असेही ठासून सांगत असे की खेळ चालतो तो खेळाडूंच्या सभ्यतेवर. ते पूर्ण टिकत नाही. 2015 च्या हंगामात नव्या कापडाच्या झाडूंनी दगडाची वाट मनासारखी वळवता येऊ लागली. अनेक संघांनी ते वापरणार नाही असे जाहीर केले, तरी 2016 मध्ये जागतिक संघटनेला मान्य कापड ठरवून द्यावेच लागले. आपसातली समजूत तिथे अपुरी पडली, हे मी नाकारत नाही. पण म्हणून या खेळात चुरस नाही हे तुमचे म्हणणे खरे ठरते, हेही मला पटत नाही: त्या झाडूंना नकार देणारे संघ त्याच हंगामात एकमेकांना हरवायलाच उतरत होते.